पानावर खोकायचं नाही

अण्णांच्या घरात एक नियम होता आणि तो देवाधर्माच्या नियमांहून कडक होता. पानावर खोकायचं नाही. पान म्हणजे विड्याचं पान. पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत अण्णांचा पानमळा होता आणि घराच्या मागच्या अंगाला पानांची खोली. सकाळी खुडलेली पानं तिथे यायची, चटईवर ओतली जायची आणि मग सगळ्यांनी गोल बसून लहान-मोठी, डागाळलेली-निर्मळ अशी निवडायची आणि एकावर एक जुळवायची. हे पान देवापुढे जाणार, लग्नाच्या सुपारीखाली जाणार, त्याच्यावर कुणाची थुंकी उडता कामा नये. खोकला आला, शिंक आली की मान बाजूला वळवायची. पानांकडे तोंड करून जो खोकेल त्याला अण्णा उठवून हात धुवायला पाठवायचे, मग ती त्यांची बायको का असेना.

दुसरा नियम खिडक्यांचा. दिवाळी झाली की उत्तरेचं कोरडं वारं सुटतं आणि पान बघता बघता मान टाकतं. म्हणून थंडीभर दोन्ही खिडक्या बंद, दारावर ओलं गोणपाट, आणि छपरातल्या एकुलत्या काचेच्या कौलातून जो कवडसा पडेल तेवढाच उजेड. अण्णांची सून मेघाली लग्न होऊन माकुणसारहून आली तेव्हा या खोलीवर जीव टाकायची. ओल्या पानांचा वास, गारवा, हात चालवता चालवता गावभरच्या गप्पा. समिधा झाल्यावर तिने पोरीची झोळीसुद्धा तिथेच बांधली. पोर डोळ्यासमोर, हात कामात. यात कुणाचं काही चुकतंय असं कुणाच्याही मनात आलं नाही.

चुकत होतं, पण ते कळायला थंडी अर्धी सरावी लागली.

सुरुवात ठकीपासून झाली. ठकी मूळची जव्हारकडच्या डोंगरातली. नवऱ्याबरोबर आठ वर्षांपूर्वी कामाला आली आणि वाडीच्या टोकाला झोपडी बांधून राहिली. पान निवडण्यात तिच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही, हे अण्णासुद्धा मान्य करायचे, आणि अण्णा सहसा कुणाचं काही मान्य करत नसत. समिधा झाली तेव्हा सव्वा महिना तिला तेल लावून न्हाऊ घातलं तेही ठकीनेच. तर या ठकीला दिवाळीनंतर खोकला लागला. कोरडा, ठसक्याचा. ती बिचारी नियमाने मान वळवायची, आणि ती जिकडे मान वळवायची तिकडेच दोन हातांवर समिधाची झोळी होती.

एका सकाळी ठकीला शिंक आली ती नेमकी कवडशात. मेघालीने मान वर केली आणि तिला ते दिसलं. उन्हाच्या पट्ट्यात बारीक बारीक कण चमकत होते, काही खाली येत होते, काही आपले तिथेच तरंगत होते. अशा शेकडो शिंका तिने आयुष्यात ऐकल्या होत्या, पाहिली ही पहिलीच. 

मग तिला काय काय आठवायला लागलं. ठकीच्या पाड्यावर कुणी तरी टीबीने गेला होता. डोंगरावरच्या लोकांना टीबी असतोच, असं आपण सगळे म्हणतो आणि म्हणताना आपल्याला लाजही वाटत नाही. मेघालीला वाटायला हवी होती, पण भ्यालेल्या माणसाला लाज सुचत नाही. त्याच दिवशी दुपारी तिने झोळी सोडली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या वाशाला बांधली, अण्णांच्या डाव्या हाताला. तिथे ती निर्धास्त झाली. अण्णाही खूश झाले. नात जवळ आली म्हणून त्यांनी त्या दिवशी कुणालाही हात धुवायला पाठवलं नाही.

अण्णासुद्धा खोकायचे. पण अण्णांचा खोकला म्हणजे विहिरीवरच्या पंपाच्या आवाजासारखा, घराने कधीच ऐकणं सोडून दिलेला. आयुष्यभर तंबाखू खाल्लेला माणूस, तो खोकणार नाही तर काय.

समिधाला नऊ महिने पुरे झाले आणि गोवराच्या लसीची तारीख आली. उपकेंद्रातली नर्स सपनाताई घरी आली तेव्हा मेघालीने तिला बाजूला घेतलं आणि ठकीचं सगळं सांगितलं. किती दिवस झाले, सपनाताईने विचारलं. महिना. मग तिने पिशवीतून प्लास्टिकची एक डबी काढून ठकीच्या हातात दिली, सकाळी उठल्याउठल्या छातीतून खाकरून बेडका यात टाकायचा म्हणून समजावलं, आणि मग ती पानांच्या खोलीत आली. आत पाऊल टाकताच तिने बंद खिडक्यांकडे पाहिलं. 

पानांवर पाणी मारायची एक फवाऱ्याची बाटली तिथे पडलेली असायची. सपनाताईने ती उचलली, कवडशात धरली आणि एकदाच दाबली. जाड थेंब टपटप पानांवर पडले. बारीक धुकं मात्र उन्हात लटकून राहिलं आणि हळूहळू सरकायला लागलं.

"जाड ते खाली पडतात, त्यांचं एवढं भ्या नाय," सपनाताई म्हणाली. "बारीक र्‍हातात ते वाईट. हे पानी हाय म्हणून दिसलं तरी. खोकल्यातलं सुकून इतकं बारीक होतं का दिसतच नाय. बंद खोलीत माणूस उठून गेला तरी ते तासनतास तिथंच फिरत र्‍हातं. पुढचा येतो आणि श्वास घेतो."

शेवटी तिने विचारलं, आणखी कुणाला खोकला आहे का. त्या वेळी अण्णा नेमके खोकत होते. पानांपासून मान वळवून, अगदी शिस्तीत. शालूने, म्हणजे मेघालीच्या सासूने, सांगून टाकलं की तो यांचा तंबाखूचा. सपनाताईने अण्णांपुढेही एक डबी धरली. अण्णांनी ती हातात घेतली नाही. आम्हाला काही होत नाही, असं म्हणून ते पुन्हा पानं जुळवायला लागले. सपनाताई वाद घालणाऱ्यातली नव्हती. तिने ती दुसरी डबी बंद खिडकीच्या फळीवर ठेवली आणि निघून गेली.

पुढचे तीन-चार दिवस मेघाली नुसती भीतीवर जगली. ठकीला तिने पडवीत बसायला सांगितलं. तिचा चहाचा पेला वेगळा केला. पोरीला हात लावू नको, हे तिने ठकीला तोंडावर सांगितलं, आणि ठकीने "बरा" एवढंच म्हणून हात पदराला पुसले. समिधा जरा शिंकली की मेघालीचं धाबं दणाणायचं. ती पोरीच्या छातीला कान लावून बसायची. तिचा नवरा मितेश बोईसरला एका कंपनीत होता, पाळी संपवून तो घरी आला की ती त्याला तेच तेच विचारायची. पोर बारीक वाटते का? अंग गरम लागतं का? मितेश म्हणायचा, ठकीचा रिपोर्ट तर येऊ दे.

रिपोर्ट आला. ठकीला टीबी नव्हता. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चुलीच्या धुराने छाती धरली आहे, आणि तिला तोंडात ओढायचा पंप दिला.

मेघालीला इतकं हलकं वाटलं की तिने समिधाला उचलून अंगणात दोन गिरक्या घेतल्या. जेवणं झाली, बाकीची मंडळी जरा लवंडली, आणि ती पानांच्या खोलीत झाडायला गेली. झाडता झाडता तिला फळीवरची ती दुसरी डबी दिसली. धूळ बसलेली. बाहेर ओटीवर अण्णा खोकले. खोकला आला, थांबला, पुन्हा आला आणि शेवटी घशात काहीतरी ओलं घरघरलं. कितीतरी वर्षांनी घरातल्या एका माणसाने तो खोकला कान देऊन ऐकला.

मेघालीच्या हातातला झाडू तसाच राहिला. ती जाऊन अण्णांच्या जागेवर बसली, त्यांच्यासारखी मांडी घालून. पुढे पानांची चटई. तिने फवाऱ्याची बाटली तोंडाशी धरली. समजा खोकला आला, आता पानावर खोकायचं नाही. तिने मान डावीकडे वळवली, जशी अण्णा वळवायचे तशी, आणि बाटली दाबली. एकदा, दोनदा, तीनदा.

धुकं कवडशात शिरलं. दाराच्या फटीतून जी काय थोडी झुळूक येत होती तिने ते हळूच पुढे ढकललं. ते सरळ झोळीकडे गेलं आणि दिसेनासं झालं. मेघाली उठली. तिने झोळीच्या लुगड्याला हात लावला. लुगडं दमट लागलं.

 ती तिथेच खाली बसली. ठकीपासून वाचवायला तिने पोरीला आगीतून काढलं होतं, आणि नेऊन फुफाट्यात टाकलं होतं. कुणी दुसऱ्याने नाही, तिने. आपल्या हाताने गाठ मारून, वर दोनदा ओढून बघून.

ती डबी घेऊन ओटीवर गेली तेव्हा अण्णा बंडी घालत होते आणि शालू बाजूला बसली होती. मेघालीने डबी पुढे ठेवली. अण्णा भडकले. सुनेने सासऱ्यापुढे थुंकायचं भांडं ठेवायचं, हे या घरात कधी झालं नव्हतं. ते बोलत राहिले, तंबाखूला दोष देत राहिले, ठकीचं नाव घेत राहिले.  मग शालू नवऱ्याच्या बंडीकडे बघत हळू आवाजात म्हणाली की गणपतीपासून ही बंडी मी दोनदा आत घेतली, आणि आता पुन्हा सैल झाली. तिला हे माहीत होतं. ती बोलली नव्हती, कारण बोलल्यावर ते खरं झालं असतं.

"अण्णा," मेघाली म्हणाली.  "तुमी पानावर कधी खोकलात नाय. पण समिधावर खोकलात. महिनाभर."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग अंगणात रांगणाऱ्या पोरीकडे. त्यांनी डबी उचलली.

त्यांचा रिपोर्ट लवकर आला, आणि तो यायच्या आधीच घराला माहीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते या घराने पुरतं करून दाखवलं होतं. मितेश कंपनीतून रजा टाकून आला. रिक्षातून पालघरला जाताना तो एकदाच बोलला. कंपनीत वायूच्या भीतीने मी दिवसभर तोंडावर मास्क बांधतो, तो म्हणाला, आणि घरी आल्यावर काढून खुंटीला लावतो. करोनात सगळ्यांनी मास्क बांधायला शिकून घेतलं होतं, मग त्याच फडक्यांनी गाड्या पुसल्या.  मेघालीने समिधाला अशी घट्ट धरली होती की पोर रडायला लागली.

समिधाच्या छातीचा फोटो काढला. तेवढ्याशा पोरीला त्या थंडगार पाटीला दाबून धरावं लागलं. मग तिच्या कोपराखाली बारीक सुई टोचली. टोचलेली जागा तिसऱ्या दिवशी बघायची, तोपर्यंत वाट. त्या दोन दिवसांत मेघालीने तो हात किती वेळा उजेडात धरला असेल याची गणती नाही. पहिल्या दिवशी लाल ठिपका होता. दुसऱ्या दिवशी तो टणक झाला. शालू म्हणायची डास चावल्यासारखं दिसतंय, आणि मेघालीला तिचा राग यायचा, कारण तिलाही तसंच म्हणायचं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून गाठ मोजली. फोटो स्वच्छ होता. पण जंतू पोरीच्या अंगात शिरले होते. आजार झालेला नाही, त्या म्हणाल्या, सहा महिने रोज औषध दिलं तर बहुतेक होणारही नाही. मात्र यापुढे पोरीला आजोबांच्या खोकल्यापासून लांब ठेवा, ते निदान पंधरा दिवस तरी. मेघालीला सगळ्या वाक्यातला 'बहुतेक' तेवढा ऐकू आला. घरी येईपर्यंत तोच कानात वाजत होता.

अण्णांनी हे ऐकलं आणि स्वतःच आपली पथारी उचलली. वाडीत सुपारीच्या झाडांखाली एक उघडी खोपी होती, ते तिथे राहायला गेले. गोळ्या सुरू झाल्या, तोंडावर मास्क आला. पानांच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या गेल्या. पहिल्या दिवशी अर्धी टोपली पानं वाऱ्याने सुकली, आणि अण्णांनी लांबून ते पाहिलं. चार दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की नुसता बसून मला वेड लागेल, थोडी पानं द्या. सपनाताईला विचारलं. ती म्हणाली, खुशाल द्या, हे दुखणं पानातून जात नाही, हवेतून जातं. इतकी वर्षं ज्याला जपलं त्याला धोकाच नव्हता, हे अण्णांच्या कानावरही गेलं.

गावदेवीची पूजा जवळ आली होती. देवीची टोपली दरवर्षी अण्णांच्या हातची. सहाव्या दिवशी सकाळी ते खोपीपुढे उन्हात बसून तीच निवडत होते. निर्मळ पान, देठ सारखे, एकही डाग नाही. टोपली उजव्या हाताला होती, काठोकाठ भरत आलेली. मेघाली विहिरीवर धुणं धूत होती. ठकी पलीकडे वेली आधाराला बांधत होती. समिधाला शालूने अंगणात चटईवर ठेवलं होतं, आणि दूध उतू जाईल म्हणून ती आत गेली.

मेघालीने पिळलेला कपडा झटकला आणि वर पाहिलं तेव्हा चटई रिकामी होती. पोर वाळक्या पानांतून रांगत निघाली होती. सहा दिवस तिला आजोबा मिळाले नव्हते. ती तोंडाने काहीतरी बडबडत सरळ त्यांच्याकडे चालली होती.

अण्णांनी चहासाठी मास्क खाली ओढला होता. तो एका कानाला लोंबत होता. पोर त्यांच्या डाव्या गुडघ्याशी पोचली, तिने धोतर पकडलं, आणि उभी राहायला बघू लागली. त्याच क्षणी त्यांना खोकला आला. त्यांचे खांदे उचललेले मेघालीला इतक्या लांबून दिसले. ती धावली.  पोहोचणार नाही हे तिला धावतानाच कळत होतं.

अण्णांची मान डावीकडे वळायला लागली. ती त्यांनी वळवली नाही, ती आपली आपणच वळली. समिधाने चेहरा वर केला होता, हसत होती.

मग अण्णांनी सगळं अंग उजवीकडे फेकलं आणि तोंड देवीच्या टोपलीत खुपसलं. ते पानांत खोकले. एकदा, पुन्हा, पुन्हा. दोन्ही हातांनी टोपलीचे काठ धरून ते खाली खाली घुसत राहिले आणि त्यांची पाठ हादरत राहिली. डावा पाय मात्र त्यांनी हलू दिला नाही, कारण पोर त्याला धरून उभी होती.

मेघालीने समिधाला झडप घालून उचललं आणि वारं येत होतं त्या अंगाला मागे पळाली. ठकीही धावत आली होती, पण चार पावलांवर थबकली होती. मेघालीने पोर तिच्यापुढे धरली.

"धर हिला."

"मी?" ठकीने हात मागेच ठेवले. "मना हात लावू नको सांगला हुता."

"चुकले मी, ठकी. धर."

ठकीने हात पदराला पुसले आणि पोरीला घेतलं. मेघालीने पदर तोंडाला बांधून लोटाभर पाणी आणलं, आणि अण्णांपासून हातभर अंतरावर ठेवलं. अण्णांनी तोंड वर काढलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खोकल्याचं की कशाचं ते त्यांनाच ठाऊक. गालाला पानाचा एक तुकडा चिकटला होता. त्यांनी आधी मास्क वर चढवला, मग विचारलं.

"उडलं का तिच्यावर?"

"नाय, अण्णा. नाय उडलं."

त्यांनी मान डोलावली. टोपली पुढे सरकवली. "ही खड्ड्यात टाक. देवीला सांगीन मी."

मेघालीने टोपली उचलली. वरची पानं ओली होती. सुपारीच्या मुळाशी खतासाठी खणलेला खड्डा होता, त्यात तिने ती पालथी केली आणि पायाने माती लोटली. परत आली तेव्हा अण्णा रिकाम्या हातांनी बसले होते, आणि समिधा ठकीच्या कडेवर बसून तिच्या नाकातली चमकी ओढत होती.